फियाट उन्हात २०-२५ किलोमीटरला बंद, अर्ध्या तासानं आपोआप चालू: चार रिपेअर वाया गेल्यावर काय सापडलं

आधी त्रास नेमका काय होता ते सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आणि माझ्या गाडीचा रोग एकच आहे का ते तुम्हाला ठरवता येईल.

गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, स्टेअरिंगला गिअर. आमच्या गल्लीत सगळे फियाटच म्हणतात म्हणून मी पण फियाटच लिहितो. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. लातूर शहरात गंजगोलाईत न्या, मार्केट यार्डात न्या, काही कुरकुर नाही. पण मार्च लागला आणि दुपारी लातूरहून तुळजापूर रोडला लागलो की औसा ओलांडून चार-पाच किलोमीटर झाले न झाले तोच गाडी एक बारीक झटका देते, मग दोन-तीन लागोपाठ, मग चढ आला की ओढतच नाही, अ‍ॅक्सिलेटर दाबला तर उलट जास्त दबते आणि शेवटी रोडच्या कडेला बंद. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला येते पण इंजिन पकडत नाही. बाभळीखाली अर्धा तास बसलो की काहीएक न करता एका सेल्फला चालू. परत पंधरा-वीस किलोमीटर गेलं की तेच.

दोन उन्हाळे हे चाललं. पावसाळ्यात कमी व्हायचं, हिवाळ्यात एकदम गायब. म्हणून जो भेटेल तो एकच सांगायचा, व्हेपर लॉक आहे, म्हणजे गरमीनं पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते, जुन्या गाडीला उन्हात होतंच, पंपावर ओलं फडकं टाकत जा. आणि खरंच ओलं फडकं टाकलं की दहा मिनिटांत गाडी चालू व्हायची. त्या फडक्यानंच माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं, कारण त्यामुळं मी दीड वर्ष बोनेटच्या आतच शोधत राहिलो.

गाडीचा थोडा इतिहास सांगणं गरजेचं आहे कारण रोगाचं मूळ त्यातच आहे. आबांनी ही गाडी १९७९ ला जुनीच घेतली, तेव्हा लातूर जिल्हा सुद्धा झाला नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. २००६ ला आबा गेल्यावर गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडात उभी राहिली ती राहिलीच. टाकीत तेव्हा अर्धं पेट्रोल होतं, ते कुणी काढलं नाही. पेट्रोल हळूहळू उडून गेलं, खाली डिंकासारखा चिकट थर राहिला आणि वरचा अर्धा रिकामा भाग दर पावसाळ्यात दमट हवा घेत आतून गंजत राहिला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यात शेडावरचा पत्रा उडाला होता, तेव्हा मी गाडीवर नुसतं ताडपत्री टाकून आलो. २०२२ ला घरी आणली आणि दर रविवारी थोडं थोडं करत दोन वर्षांत चालू केली. इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्राकाम सगळं केलं. टाकी मात्र नुसती पेट्रोलनं दोनदा खळबळून परत बसवली. तेव्हा आतून टॉर्च मारून नीट बघितलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आता चार रिपेअर काय केले आणि प्रत्येक रिपेअर आठवडाभर का टिकला ते सांगतो. पहिल्यांदा ठिणगीकडचं सामान, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सर बदलला, पॉइंटचा गॅप लावला. दुसऱ्यांदा कार्बोरेटर उघडून किट टाकलं, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) साफ केले. तिसऱ्यांदा पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि व्हॉल्व बदलले. चौथ्यांदा पंप ते कार्बोरेटर हा पाईप इंजिनपासून लांबून फिरवला आणि त्यावर उष्णता अडवायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळली. दर वेळी ट्रायल संध्याकाळी सहानंतर घेतली, ऊन उतरल्यावर, रिंग रोडला दहा किलोमीटर, आणि गाडी मस्त पळाली. त्यात दर कामाच्या वेळी टाकीचं झाकण उघडलं जायचं, नवीन पेट्रोल टाकलं जायचं, गाडी दोन-तीन दिवस उभी असायची. म्हणजे रोग तात्पुरता दाबायला जे जे लागतं ते सगळं नकळत होत होतं, आणि श्रेय नवीन पार्टला जात होतं. तुमची गाडी पण "काम केलं की आठ दिवस बरी चालते" अशी असेल तर ट्रायल दुपारी दोन वाजता घ्या, टाकी पाव भरलेली ठेवा, सलग चाळीस किलोमीटर जा, तेव्हाच काम झालं की नाही ते कळतं.

मला शेवटी वाट सापडली ती आमच्या विहिरीवरच्या मोटारीवरून. ज्यांच्याकडं शेती आहे त्यांना हे लगेच पटेल. मोटार पाणी सोडायला लागली, म्हणजे चालू असून पाणी ओढेना झाली, तर आपण आधी काय बघतो? विहिरीतला फुटबॉल (पाईपाच्या तळाचा फूट व्हॉल्व) बघतो, त्याला शेवाळ-कचरा लागलाय का, सक्शनचा पाईप कुठं हवा घेतोय का. डिलिव्हरीचा पाईप फुटला तर पाणी उडतं, डोळ्याला दिसतं, पण सक्शनला चीर पडली तर थेंब सुद्धा गळत नाही, नुसती हवा आत जाते आणि पंप पाणी सोडतो. फियाटचं पण तसंच आहे. पंप पुढं इंजिनला, टाकी मागं डिकीकडं, मधला सगळा पाईप सक्शन. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत जे काही बिघडेल ते बाहेरून कोरडं ठणठणीत दिसणार.

आणि ऊन यात कुठं येतं तर इथं येतं. पेट्रोल ओढायला त्रास पडला की पंप जास्त जोर लावून ओढतो, पाईपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. कुकरमध्ये दाब वाढवून आपण पाण्याला उशिरा उकळायला लावतो, त्याच्या बरोबर उलटं. जानेवारीत पाईप थंड असतो, तितक्या ओढीनं पेट्रोल उकळत नाही, गाडी चालते. एप्रिलमध्ये बाहेर ४२ डिग्री, खाली डांबर त्याहून तापलेलं, सायलेन्सरची गरमी वेगळी, मग त्याच ओढीला पाईपात वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. म्हणजे व्हेपर लॉक सांगणारे खोटं बोलत नव्हते, वाफ होतच होती. पण तीच गाडी १९८० च्या दशकात आबा भर मे महिन्यात पंढरपूरला घेऊन जायचे आणि कुठं थांबायची नाही, कारण तेव्हा पेट्रोल मोकळं येत होतं. ऊन दोन्ही वेळी होतं, अडथळा आता होता. अडथळा काढा, मग ऊन एकटं काही करू शकत नाही, एवढंच मला सांगायचंय आणि बाकी सगळं तो अडथळा कसा शोधायचा यावर आहे.

गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं फार मोलाची असतात. पाच-दहा मिनिटांनी पुरावा गेलेला असतो. आपण काय करतो, उतरतो, बोनेट उघडतो, सेल्फ मारतो, कुणीतरी गाडी थांबवून काय झालं विचारतं, त्यात वेळ जातो. हे क्रमानं करा.

बोनेटला हात लावायच्या आधी मागं जा आणि टाकीचं झाकण उघडा, कान जवळ ठेवून. फुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाहीये. पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पंपाची आणि टाकीची रस्सीखेच चालू होते. हवा थोडी बाहेर आली, टाकी तापल्यामुळं, तर तो वेगळा विषय, त्याला घाबरू नका.

मग पुढं या, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हातानं अ‍ॅक्सिलेटरचा दांडा एकदा झटक्यात ओढा. इंजिन बंद पाहिजे, बिडी-सिगारेट लांब पाहिजे. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे, मग करंटकडं, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडं बघा. पिचकारी उडाली नाही, नुसती खट्ट अशी कोरडी हालचाल झाली तर वाटी रिकामी आहे आणि कॉइल-कंडेन्सरवर पैसे घालवायचं कारण नाही. माझी दर वेळी कोरडी होती. ही परीक्षा मी पहिल्याच दिवशी केली असती तर पहिला रिपेअर वाचला असता.

करंट बघायचा असेल तर एअर क्लीनर परत बसवून, एक प्लग काढून वायरीत घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, वायर पक्कडीनं रबराच्या जागी धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी कडक ठिणगी पाहिजे. पिवळसर मरतुकडी असेल किंवा गरम झाल्यावरच गायब होत असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. तसा करंटचा बिघाड गाडी चालवताना पण ओळखू येतो, स्विच बंद केल्यासारखी गाडी एकदम मरते. पेट्रोल कमी पडलं तर झटके देत, खोकत मरते आणि चढाला आधी दगा देते.

एवढ्यावरून मला पेट्रोलच कमी पडतंय हे कळलं, पण कुठं ते कळेना. मग माझ्या ओळखीचा एक फ्रीज दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडून निळं गेज आणलं. गॅस भरताना वापरतात ते, त्याला शून्याच्या खालच्या बाजूला व्हॅक्युमचे, म्हणजे ओढीचे इंच दिलेले असतात. पंपाच्या अगदी आधी पाईपात टी (तीन तोंडांचा जोड) टाकली, टी पासून बारीक पारदर्शक नळी बोनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज वायपरजवळ काचेवर बाहेरून चिकटपट्टीनं बसवलं, म्हणजे सीटवरून आकडा दिसेल. नळी आत केबिनमध्ये घेऊ नका, पेट्रोलची वाफ आहे. जोडाला चांगल्या क्लिपा लावा, नाहीतर गेजचीच नळी हवा घेईल आणि तुम्ही भलतंच शोधत बसाल.

निघताना गेज दोन इंच दाखवत होतं. औसा येईपर्यंत पाच झालं. सहावा-सातवा इंच पार केला तसा पहिला झटका आला. नऊला गाडी बंद. काटा डोळ्यासमोर चढत होता आणि गाडी बरोबर त्याच्या मागं मागं मरत होती, दोन वर्षात पहिल्यांदा मला गाडीच्या आत काय चाललंय ते दिसलं. लगेच मागं जाऊन झाकण उघडलं, मोठ्यांदा फुस्स झालं, पुढं येऊन बघतो तर काटा नऊवरून पाचवर. शून्यावर नाही, पाचवर. हे पाच फार महत्त्वाचं आहे. म्हणजे झाकणाचा अडथळा गेला तरी दुसरा कुठंतरी आहेच. गेज नसतं तर मी झाकणाला भोक पाडून काम झालं म्हणून घरी आलो असतो आणि आठ दिवसांनी परत बाभळीखाली बसलो असतो.

पहिला अडथळा. मूळ झाकण कधीच हरवलं होतं, त्याच्या जागी कुणीतरी चावीचं झाकण बसवलेलं, आत जाड रबरी वायसर, एकदम घट्ट, त्याला हवेचं भोकच नाही. आणि टाकीची ब्रीदर नळी, म्हणजे हवा घ्यायची नळी, मी खाली वाकून बघितली तर तोंडाला मातीचा टणक गोळा. कुंभारीण माशीचं घर. शेडात इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीला अशी घरं कुठं कुठं असतात, वायपरच्या खाली, हॉर्नच्या तोंडात, त्यातलंच एक इथं. तारेनं टोकरून काढलं तर आत चार-पाच वाळलेले कोळी निघाले. नळी फुंकून मोकळी केली, तोंडाला पितळी बारीक जाळी लावली. ज्यांची गाडी बरीच वर्षं उभी होती त्यांनी हे आज संध्याकाळीच बघा, पाना सुद्धा लागत नाही. काही गाड्यांना वेगळी नळी नसते, झाकणातच भोक असतं, ते सुईनं मोकळं करा.

दुसरा अडथळा रबराच्या पाईपात. टाकीच्या लोखंडी नळीपासून पुढच्या लाईनला जोडणारा वीतभर रबरी पाईप मी २०२२ ला नवीन टाकला होता म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. बाहेरून काळाभोर, चीर नाही, क्लिपा घट्ट. काढून ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर फुगून मऊ पडलेलं आणि एका जागी त्याची पातळ पापडी सुटून जिभेसारखी लोंबत होती. फुंकर एका बाजूनं मारली की हवा जायची, दुसऱ्या बाजूनं ओढली की ती जीभ भोकाला चिकटायची. पंप हळू ओढतोय तोपर्यंत वाट थोडी उघडी, गाडी पळवली की बंद. अ‍ॅक्सिलेटर दाबला की उलट जास्त दबायची त्याचं कारण हातात होतं.

हे रबर असं का झालं तर इथेनॉलमुळं. २०२२ ला पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल झालं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं यायला लागलं आणि आता जवळपास सगळ्या पंपांवर तेच मिळतं. आपल्याच भागातल्या उसापासून पण ते बनतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण १९७४ च्या गाडीचं रबर, कॉर्क, डायफ्राम यातलं काहीच त्यासाठी बनवलेलं नाही आणि बाजारात मिळणारा साधा पेट्रोल पाईप पण त्यात असा होऊ शकतो. पाईप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं बघून घ्या, त्याच्या आत फ्लोरोचं अस्तर असतं, ते इथेनॉलला टिकतं. महाग आहे, पण पूर्ण गाडीला रबरी तुकडे मिळून मीटरभर सुद्धा लागत नाहीत. यात काटकसर करू नका, गळालं तर आग लागते.

इथेनॉलचे अजून दोन गुण आहेत. ते पाणी ओढतं, म्हणून अर्धी टाकी ठेवून महिनोन्महिने गाडी उभी करू नका. आणि ते जुना चिकट थर विरघळवतं. आमच्या टाकीत वाळून बसलेला थर आणि त्याखालचा गंज जागेवर गप्प होता, इथेनॉलनं तो सैल केला. तिसरा अडथळा हाच.

टाकीतल्या सक्शन नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. टाकी उतरवून ती नळी वर काढली तर जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ थापलेला. बोटानं दाबला तर त्यात बारीक चपट्या पापड्या, गंजाच्या. आता अर्ध्या तासात गाडी आपोआप का चालू व्हायची ते बघा. इंजिन बंद झालं की ओढ संपते, जाळीला चिकटलेला गाळ सुटून तळाला बसतो, पाईपातली वाफ थंड होऊन परत पेट्रोल होतं, बंद टाकीत कुठून तरी हळूहळू हवा शिरते. तिन्ही अडथळे एकदम सैल पडतात. ओल्या फडक्यानं तर वाफ अजून लवकर बसायची, म्हणून ते औषध वाटायचं.

बाहेरचा पारदर्शक फिल्टर मी लावलेला होता, तो दर महिन्याला तांबूस व्हायचा, मी बदलायचो. ही खूण होती. फिल्टर एकदा खराब झाला तर बदला, दुसऱ्यांदा तसाच झाला तर टाकी उतरवा. तेवढा इशारा पुरे आहे. अजून एक, हा फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नका, चालू गाडीत तो बऱ्याचदा अर्धाच दिसतो.

टाकी साफ करण्याबद्दल सविस्तर लिहितो कारण इथं माणसं जखमी होतात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, एका ठिणगीला फुटते. म्हणून पेट्रोल काढल्यावर लगेच ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग, काहीही नाही. मी टाकी मोकळ्यावर नेऊन धुण्याच्या पावडरच्या पाण्यानं चार वेळा धुतली आणि सगळी तोंडं उघडी ठेवून दोन दिवस पालथी ठेवली. झाळणाचं काम असेल तर टाकीचं काम रोज करणाऱ्या रेडिएटरवाल्याकडंच द्या, घरी करू नका.

गंज काढायला संडास धुवायचं अ‍ॅसिड बरेच जण सांगतात. ते वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्रा आणि झाळण पण खातं, आणि धुतल्यावर तासाभरात पत्रा परत लाल होतो. मी किराणा दुकानातून लिंबूसत आणलं, दहा लिटर पाण्याला एक किलो या हिशोबानं. टाकीत आधी मीटरभर बारीक साखळी टाकली (साखळीच टाका, सुटे नट-बोल्ट आत एखादा राहून जातो), थोडं पाणी घातलं, टाकी जुन्या वाकळंत गुंडाळली आणि मी आणि पुतण्यानं दोन्हीकडून धरून वीसेक मिनिटं हलवली. जे पाणी निघालं ते विटेच्या रंगाचं. हे पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन वेळा केलं. मग लिंबूसताचं पाणी काठोकाठ भरलं, तोंडांना लाकडी बुच्च्या सैल मारल्या कारण आत गॅस होतो, आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर चोवीस तास ठेवली. पाणी गरम झालं की काम लवकर होतं, आपल्याकडं उन्हाची कमी नाही. दुसऱ्या दिवशी हिरवट काळं पाणी ओतलं, टॉर्च मारला तर तीन भाग पत्रा राखाडी, एका कोपऱ्यात लाल राहिलेलं. परत नवीन पाणी भरून बारा तास. त्यापेक्षा जास्त ठेवलं नाही, टाकीला आतून जो मूळ मुलामा असतो तो पण हळूहळू जातो.

पुढचा भाग घाईत उरकायचा. ओतल्याबरोबर धुण्याच्या सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो. मग साधं पाणी. शेवटचं पाणी बोअरचं नको, आपलं बोअरचं पाणी जड आहे, आरओचं घ्या. लगेच उलटी करून उन्हात, आणि हाताला पूर्ण कोरडी लागली की पाव लिटर टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑईल थोड्या पेट्रोलमध्ये मिसळून आत घालून सगळीकडं फिरवायचं. हे दुपारच्या जेवणानंतर करू म्हणून ठेवलं तर जेवून येईपर्यंत आत परत तांबूस झाक येते, माझ्या पहिल्या धुण्याला तेच झालं आणि बारा तासाचं काम परत करावं लागलं. टाकीला आतून लावायचं सीलर मी लावलं नाही. पत्र्याला भोक नव्हतं, आणि इथेनॉलमध्ये न टिकणारं सीलर सोलून निघालं तर ते गंजापेक्षा वाईट, जाळीत रबरी कातडं अडकतं. भोकं पडलेली असतील तर मात्र विचार करा, डब्यावर इथेनॉलला चालतं असं लिहिलेलं बघूनच.

पुढची लोखंडी लाईन पण मोकळी करा. दोन्ही टोकं सोडवून मागून पुढं हवा मारा, पुढच्या टोकाला पांढरं फडकं धरा, काय निघतं ते दिसतं. माझ्या लाईनमधून दोन फडकी तांबडी होईल इतकं निघालं.

सगळं बसवून परत गेज लावलं आणि मे महिन्यात दुपारी दीड वाजता निघालो, मुद्दाम पाव टाकी पेट्रोलवर. निघताना एक इंच. औसा एक इंच. जिथं दर वेळी बंद पडायची तो चढ दोन इंचावर तिसऱ्या गिअरमध्ये गेला. तुळजापूरला पोचेपर्यंत काटा दोनच्या वर गेला नाही. आई आणि काकू मागं बसल्या होत्या, आई एवढंच म्हणली, "आबा असते तर परत परत आरशात बघत बसले असते." पंपावर फडकं नव्हतं.

इलेक्ट्रिक पंप लावायचा का, हे बरेच जण विचारतात. टाकीजवळ लावला तर तो ढकलतो, ओढत नाही, म्हणून वाफ कमी होते हे खरं आहे. पण घाण टाकी तशीच राहते, आणि जास्त दाबाचा पंप लागला तर कार्बोरेटरची सुई धरत नाही, पेट्रोल वरून वाहतं. अपघातात पंप आपोआप बंद होईल अशी सोय पण करावी लागते. माझं मत, आधी मूळ व्यवस्था साफ करा, आबांच्या वेळी ती याच उन्हात चालत होती.

जेट बदलायची पण घाई करू नका. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरट दिसतात, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा टाकतात. पण पेट्रोल अडत असेल तरी प्लग तसेच पांढरट दिसतात. मी टाकीचं काम झाल्यावर पाचशे किलोमीटर चालवली, मग प्लग काढले, तरी पांढरेच होते म्हणून तेव्हा जेट बदलला. आता विटकरी आहेत.

एक त्रास राहिलाय आणि तो वेगळा आहे, दोन्ही एक समजू नका. गरम गाडी चहाला थांबवली की दहा मिनिटांनी चालू व्हायला कुरकुरते आणि पेट्रोलचा वास येतो. इथं पेट्रोल कमी नाही, जास्त झालेलं असतं, इंजिनच्या गरमीनं वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडतं. अशा वेळी चोक लावायचा नाही, पेडल पंप करायचं नाही, पेडल तळापर्यंत एकदाच दाबून तसंच धरायचं आणि सेल्फ मारायचा, सात-आठ फेऱ्यात पकडते. कार्बोरेटरखालचं जाड काळं पॅकिंग शाबूत आहे का ते बघा, कुणी त्याच्या जागी पातळ कागदी पॅकिंग टाकलं असेल तर गरमी सरळ वर जाते. माझं तडकलेलं आहे, नवीन बघतोय.

फिल्टरवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहायची सवय लावली आहे. टाकी बसवल्यापासून पहिला तीनशे किलोमीटरला काढला, उरलासुरला गाळ होता. दुसरा पंधराशेला उघडला, त्यात वाळूच्या कणाएवढे तीन-चार ठिपके. आणि दर महिन्याला खाली वाकून ब्रीदरची जाळी बघतो. गेल्या आठवड्यात कुंभारीण तिथं परत माती लावत होती, ओली होती तोवरच बोटानं पुसून काढली.